गोवराची लस देणारे आणि तिची मर्यादाही सांगणारे : डॉ. जॉन एंडर्स

– आमच्या प्रतिनिधीकडून

मूल तापाने फणफणले, डोळे लाल झाले आणि नाक वाहू लागले की, पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याचा सदरा वर करून पोट-पाठ निरखून पाहत असत. अंगावर पुरळ उठले की त्यांचा जीव भांड्यात पडे. गोवर बाहेर पडला म्हणजे मूल वाचले आणि तो आतल्या आत दबला म्हणजे घात झाला, अशी त्यांची समजूत होती. त्यासाठी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला जाई, नवस बोलले जात. या समजुतीचा बराचसा भाग भाबडा होता, हे खरे. परंतु १९५० च्या दशकात अमेरिकेतील बोस्टनच्या एका प्रयोगशाळेत जे आढळले, ते पाहता या बायकांच्या निरीक्षणात सत्याचा एक कण होता, असेच म्हणावे लागते. ज्यांच्या अंगावर पुरळ कधी उठलेच नाही, अशी काही मुले गोवराने दगावत होती. ती कोणती मुले आणि का दगावत होती, याचा उलगडा त्या प्रयोगशाळेत झाला.

ती प्रयोगशाळा डॉ. जॉन फ्रँकलिन एंडर्स यांची. पोलिओच्या लशीचा मार्ग मोकळा करणारे आणि गोवराची लस जगाला देणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. लशीच्या यशोगाथेत एक गोष्ट मात्र बहुधा झाकली जाते. ज्या मुलांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली आहे, त्यांना ही लस देता येत नाही, हेही एंडर्स यांच्याच सहकाऱ्यांनी आणि त्यांच्याच देखरेखीखाली दाखवून दिले. आपल्या कामाचा गौरव होत असताना त्याच कामाची मर्यादा शोधून ती जाहीर करणे सर्वांनाच जमत नाही. एंडर्स यांना ते जमले.

सावकाराच्या घरातला वाचनवेडा

एंडर्स यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९७ रोजी कनेक्टिकट राज्यातील वेस्ट हार्टफर्ड येथे झाला. घराणे सधन होते. वडील हार्टफर्डमधील नामांकित बँकर, तर आजोबा एका मोठ्या विमा कंपनीचे अध्यक्ष. हार्टफर्डचेच रहिवासी असलेल्या मार्क ट्वेन यांच्याशी या कुटुंबाचा परिचय होता. पैशाची विवंचना नसल्याने जॉन यांना आपल्या आवडीचा शोध सावकाशीने घेता आला आणि तो त्यांनी खरोखरच फार सावकाशीने घेतला.

न्यू हॅम्पशायरमधील सेंट पॉल्स शाळेतील शिक्षण आटोपून ते १९१५ मध्ये येल विद्यापीठात दाखल झाले. मध्येच पहिले महायुद्ध आले. शिक्षण सोडून ते नौदलाच्या हवाई तुकडीत वैमानिक झाले आणि नवशिक्यांना विमान चालवण्याचे धडे देऊ लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी येलची पदवी पूर्ण केली. त्यानंतर जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करून पाहिला. त्यात मन रमेना, तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात जाऊन इंग्रजी साहित्याची एम. ए. पदवी घेतली आणि केल्टिक व ट्यूटॉनिक वाङ्मयात डॉक्टरेट करण्याची तयारी सुरू केली. वयाची तिशी जवळ आली, तरी हा गृहस्थ पुढे काय करणार, हे कोणालाच सांगता आले नसते.

वळण आले ते एका सहनिवाशामुळे. ज्या घरात एंडर्स भाड्याने राहत होते, तेथेच ह्यू वॉर्ड नावाचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर राहत होता. तो हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असे. त्याच्याबरोबर एंडर्स एकदा प्रयोगशाळा पाहायला गेले आणि पुन:पुन्हा जात राहिले. तेथील विभागप्रमुख हान्स झिन्सर हे विलक्षण व्यक्तिमत्त्व होते. टायफस ज्वराचे अधिकारी संशोधक, कवी आणि उत्तम लेखक. साहित्यप्रेमी एंडर्स त्यांच्याकडे ओढले गेले नसते तरच नवल. भाषाशास्त्राची टिपणे बाजूला पडली आणि १९३० मध्ये एंडर्स यांनी डॉक्टरेट मिळवली, ती सूक्ष्मजीवशास्त्रात. वैद्यकाची पदवी त्यांनी अखेरपर्यंत घेतली नाही.

परीक्षानळीतला विषाणू

जिवाणू आणि विषाणू यांच्यातील एक फरक येथे लक्षात घ्यायला हवा. जिवाणू योग्य खाद्यावर आपले आपण वाढतात. विषाणूला मात्र वाढण्यासाठी जिवंत पेशीच लागते. त्यामुळे विषाणूंचा अभ्यास करायचा तर माकडे, उंदीर किंवा कोंबडीची अंडी यांचाच आधार घ्यावा लागे. हे काम खर्चाचे, वेळखाऊ आणि बेभरवशाचे होते. परीक्षानळीत जिवंत पेशी वाढवून त्यांवर विषाणू पोसण्याची कला अवगत झाली, तर सगळेच चित्र बदलेल, हे एंडर्स यांनी ओळखले होते. मांजरांना होणाऱ्या एका जीवघेण्या रोगाचे मूळ विषाणूत आहे, हे त्यांनी १९३० च्या दशकाअखेरीस सहकाऱ्यांसह दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी गालगुंडाच्या विषाणूवर काम केले. १९४३ मध्ये पत्नी सारा यांचे अकाली निधन झाले. दोन मुलांची जबाबदारी एकट्यावर येऊन पडली, तरी काम थांबले नाही.

१९४६ मध्ये बोस्टनच्या लहान मुलांच्या रुग्णालयात त्यांनी संसर्गजन्य रोगांच्या संशोधनासाठी छोटेखानी प्रयोगशाळा उघडली. थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स हे दोन तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. १९४८ मध्ये वेलर इतर विषाणूंवर प्रयोग करीत असताना मानवी गर्भाच्या पेशी असलेल्या काही नळ्या शिल्लक राहिल्या. शीतकपाटात पोलिओच्या विषाणूचा साठा होताच. तो या नळ्यांत सोडून पाहण्याचे ठरले. पोलिओचा विषाणू केवळ मज्जासंस्थेच्या पेशींतच वाढतो, असे तोवर मानले जात असे. तो कातडीच्या आणि स्नायूंच्या पेशींतही वाढला! जानेवारी १९४९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पोलिओची लस मोठ्या प्रमाणावर बनवण्यातील मुख्य अडसर दूर झाला. १९५५ मध्ये जोनास साल्क यांची आणि पुढे आल्बर्ट सेबिन यांची लस आली, ती याच पायावर.

१९५४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एंडर्स यांना मिळाले. हा सन्मान एकट्याने स्वीकारण्यास ते तयार नव्हते. नळ्या हाताळणारे हात वेलर आणि रॉबिन्स यांचेही होते, असा त्यांचा आग्रह होता. अखेर तिघांना मिळून पारितोषिक देण्यात आले.

शाळेतली साथ

त्याच वर्षाच्या प्रारंभी, जानेवारी १९५४ मध्ये, बोस्टनजवळच्या साउथबरो गावातील फे स्कूल या मुलांच्या निवासी शाळेत गोवराची साथ पसरली. एंडर्स यांनी थॉमस पीबल्स या तरुण डॉक्टरला तेथे धाडले. पीबल्स आजारी मुलांच्या खाटांपाशी जाऊन रक्ताचे आणि घशातील स्रावाचे नमुने गोळा करू लागले. अनेक नमुने वाया गेले. शेवटी एका विद्यार्थ्याच्या नमुन्यातील विषाणू नळीतल्या पेशींत वाढला. त्याचे आडनाव एडमन्स्टन. गोवराच्या विषाणूचा तो वाण त्याच नावाने जगप्रसिद्ध झाला आणि आज जगभर टोचल्या जाणाऱ्या गोवराच्या बहुतेक लशी त्या एका मुलाच्या आजारपणाच्या वंशज आहेत.

ज्या पेशींवर हा विषाणू वाढला, त्यांचीही एक हकिगत आहे. मेंदूत पाणी साचलेल्या मुलांवर त्या काळी एक शस्त्रक्रिया केली जात असे. तिच्यात एक मूत्रपिंड काढून टाकून साचलेल्या पाण्याला मूत्रमार्गाने वाट करून देत. अशा रीतीने काढलेल्या मूत्रपिंडाच्या पेशी प्रयोगशाळेला मिळत. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींचे निरीक्षण करताना एक चमत्कारिक दृश्य दिसले. विषाणूची बाधा झाल्यावर शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून जात आणि अनेक केंद्रके असलेली एकच प्रचंड पेशी तयार होई. गोवराच्या विषाणूची ही जणू स्वाक्षरीच होती. पुढे हीच स्वाक्षरी अनपेक्षित ठिकाणी आढळायची होती.

रोग तोच, पुरळ नाही

मुलांच्या शवविच्छेदनात क्वचित आढळणाऱ्या एका न्यूमोनियाची डॉक्टरांना १९१० पासून माहिती होती. व्हिक्टर हेश्ट यांनी त्याचे वर्णन केले होते. या मुलांच्या फुप्फुसांत अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी दिसत, म्हणून त्याला जायंट सेल न्यूमोनिया म्हणत. त्याचे कारण मात्र गूढ होते. यातील कित्येक मुले आधीच ल्युकेमिया म्हणजे रक्ताच्या कर्करोगासारख्या दुर्धर आजाराने पीडित असत. त्यांच्या अंगावर गोवराचे पुरळ नसल्याने गोवराचा संशय कोणी घेत नसे.

परंतु एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतील मंडळींच्या डोळ्यांना राक्षसी पेशींची ओळख पटलेली होती. केव्हिन मॅकार्थी, ॲना मायटस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मृत मुलांच्या फुप्फुसांतील ऊती नळ्यांत वाढवल्या, तेव्हा त्यांतून गोवराचाच विषाणू बाहेर आला. हे निष्कर्ष १९५८ आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा अर्थ गंभीर होता. अंगावर उठणारे पुरळ हे विषाणूचे थेट काम नसून शरीर त्याच्याशी झुंजत असल्याची खूण आहे. ज्या मुलाच्या शरीरात झुंजायला सैन्यच उरलेले नाही, त्याच्या अंगावर पुरळ उठत नाही. विषाणू निर्वेधपणे फुप्फुसांत वाढत राहतो. अशा मुलांत विषाणू दीर्घकाळ टिकून राहतो आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत, हेही मायटस आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. गोवर आतल्या आत दबला, हे आपल्याकडच्या आजीबाईंचे म्हणणे या मुलांच्या बाबतीत अक्षरश: खरे होते. फक्त त्याचे कारण देवीचा कोप नव्हे, तर रोगप्रतिकारशक्तीचा अभाव हे होते.

विषाणूला माणसाळवताना

दरम्यान लशीचे काम सुरूच होते. मृत विषाणूऐवजी जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस करावी, या मताचे एंडर्स होते. जिवंत विषाणू शरीरात थोडा वाढतो आणि त्यामुळे खऱ्या रोगानंतर येते तशी दीर्घकाळची प्रतिकारशक्ती येते. मिलान मिलोवानोविच आणि १९५६ मध्ये दाखल झालेले सॅम्युअल कॅट्झ यांनी एडमन्स्टन वाण मूत्रपिंडाच्या पेशींत २४ वेळा, मग वारेच्या आवरणातील पेशींत २८ वेळा, त्यानंतर कोंबडीच्या फलित अंड्यांत आणि कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत पुन:पुन्हा वाढवला. परक्या घरात राहून राहून विषाणूची माणसाला आजारी पाडण्याची ताकद ओसरत गेली. माकडांना हा विषाणू टोचला, तेव्हा ती आजारी पडली नाहीत. पण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली.

ऑक्टोबर १९५८ मध्ये वॉल्थॅम येथील फर्नाल्ड या मतिमंद मुलांच्या संस्थेतील ११ मुलांना ही लस पालकांच्या संमतीने देण्यात आली. अशा संस्थांत गोवराच्या साथी वारंवार येत आणि मुले दगावत, हे निवडीमागचे कारण होते. तरीही संस्थेत राहणाऱ्या असहाय मुलांवर पहिली चाचणी करणे आजच्या नीतिनियमांना मानवणारे नाही, हे येथे नमूद करायलाच हवे. बहुतेक मुलांना ताप आला, काहींना सौम्य पुरळ उठले. परंतु रक्तात प्रतिपिंडे सर्वांच्याच तयार झाली. पुढील दोन वर्षांत चाचण्यांची व्याप्ती वाढली.

यानंतर प्रश्न आला तो कुपोषित मुलांचा. पश्चिम आफ्रिकेत गोवर हा बालमृत्यूचा मोठा धनी होता. नायजेरियातील इलेशा येथे काम करणारे इंग्रज बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ली यांनी लशीची मागणी केली आणि १९६० मध्ये कॅट्झ लस घेऊन तेथे गेले. अशक्त, कुपोषित मुलांनाही ती सोसली. कुपोषण हे गोवराची लस न देण्याचे कारण ठरत नाही. उलट अशा मुलांना तिची गरज अधिक आहे, हे आज सर्वमान्य आहे.

यशाच्या तोंडावर धोक्याची खूण

ल्युकेमिया झालेल्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र वेगळा होता. या मुलांना गोवर झाला तर तो प्राणघातक ठरतो, हे याच प्रयोगशाळेने सिद्ध केले होते. मग लशीची सर्वाधिक गरज त्यांनाच, असे कोणालाही वाटले असते. मायटस, ॲन हॉलोवे, बालकर्करोगतज्ज्ञ ऑड्री इव्हान्स आणि स्वत: एंडर्स यांनी ल्युकेमियाच्या रुग्ण मुलांना दुबळ्या विषाणूची लस देऊन पाहिली. त्याचा अहवाल १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी मुलाला जेमतेम ताप आणणारा हा विषाणू या मुलांच्या शरीरात आवरला जाईलच, याची शाश्वती नव्हती. लशीतील विषाणूच न्यूमोनियाचे कारण ठरून प्राणावर बेतू शकतो, हे त्या काळातील आणि नंतरच्या अनुभवांतून स्पष्ट झाले.

हा अहवाल आला तेव्हा लशीला परवाना मिळायला एक वर्षाचा अवधी होता. वृत्तपत्रांत तिची वाखाणणी सुरू झाली होती. अशा वेळी लशीच्या जनकाचेच नाव तिच्या धोक्याची नोंद करणाऱ्या निबंधावर असणे, ही बाब साधी नव्हती. आज लशीच्या माहितीपत्रकात रोगप्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्यांना ही लस देऊ नये, अशी जी ओळ छापलेली असते, तिच्यामागे या मुलांचा इतिहास आहे.

२१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत लशीला परवाना मिळाला. त्यापूर्वी त्या देशात दरवर्षी सुमारे ३० ते ४० लाख लोकांना गोवर होत असे आणि ४०० ते ५०० मृत्यूंची नोंद होत असे. मृत विषाणूची लसही त्याच वर्षी बाजारात आली. दुबळ्या मुलांना ती तरी देता येईल, अशी आशा बाळगायला जागा होती. पण तिचा प्रभाव अल्पकाळ टिके आणि पुढे गोवराशी संबंध आल्यास काहींना वेगळ्याच स्वरूपाचा तीव्र गोवर होई. १९६७ मध्ये ती मागे घेण्यात आली. जिवंत लशीचा ताप मॉरिस हिलमन, अँटन श्वार्त्झ आदींनी एडमन्स्टन वाण आणखी दुबळा करून कमी केला. गोवर रोखणारी लस आजही जिवंत विषाणूचीच आहे. म्हणूनच १९६२ चा प्रश्न आजही कायम आहे.

मुंबई-पुण्याशी नाते

युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे एडमन्स्टन वाणाची एक शाखा विकसित झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस याच एडमन्स्टन-झाग्रेब वाणापासून बनते आणि ती जगातील अनेक देशांत जाते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराच्या लशीचा समावेश १९८५ मध्ये झाला. दुसरा डोस २०१० पासून देण्यात येऊ लागला आणि २०१७ पासून गोवर-रुबेला ही संयुक्त लस टप्प्याटप्प्याने आली. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, तर दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो.

एवढे असूनही २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची मोठी साथ आली आणि मुलांचे बळी गेले. करोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडल्याचा तो परिणाम होता. याच शहरात परळच्या टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून ल्युकेमियाची मुले उपचारांसाठी येतात. धर्मशाळांत, भाड्याच्या खोल्यांत महिनोन् महिने राहतात, बसने आणि लोकलने ये-जा करतात. गोवराचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या १२ ते १८ जणांना बाधा पोहोचवू शकतो. तो निघून गेल्यावरही खोलीतील हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. केमोथेरपी सुरू असलेल्या मुलासाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

आज डॉक्टर काय सांगतात?

एंडर्स यांच्या काळानंतर या विषयाची जाण पुष्कळ वाढली आहे. प्रत्येक अशक्त मूल लशीस अपात्र असते, असे नाही. केमोथेरपी सुरू असताना गोवराची लस देत नाहीत. उपचार संपल्यावर किमान तीन महिने, काही तज्ज्ञांच्या मते सहा महिने थांबून ती दिली जाते. अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झालेल्या मुलाला साधारणत: दोन वर्षांनी आणि प्रतिकारशक्ती सावरल्याची खात्री झाल्यावरच लस मिळते. स्टेरॉइडची मोठी मात्रा दोन आठवडे किंवा अधिक काळ घेतलेल्या मुलांसाठी औषध बंद झाल्यावर निदान एक महिना थांबावे लागते. दम्यासाठी पंपातून घेतलेले स्टेरॉइड मात्र लशीच्या आड येत नाही. एचआयव्हीबाधित मुलांची प्रतिकारशक्ती तीव्रपणे ढासळलेली नसेल, तर त्यांना लस देणेच हिताचे ठरते. जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असलेल्यांना ती देत नाहीत. अर्थात, कोणत्या मुलाला कधी द्यावी, हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.

अशा मुलाचा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलाच, तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते. त्यासाठी पुरळ उठण्याची वाट पाहत बसणे घातक आहे. कारण या मुलांत ते कदाचित उठणारच नाही. पालकांनी संपर्काची माहिती त्याच दिवशी डॉक्टरांना द्यायला हवी.

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते. घरात कर्करोगग्रस्त मूल असताना त्याच्या भावंडांना गोवराची लस द्यावी का? ती अवश्य द्यावी. गोवराच्या लशीतील विषाणू लस घेतलेल्या मुलाकडून इतरांकडे पसरत नाही. भावंडे, चुलत भावंडे, शेजारची मुले, शाळेतील सोबती यांचे लसीकरण पूर्ण असणे हेच त्या मुलाचे चिलखत असते. गोवराची साखळी तुटायची तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. उरलेल्या पाच टक्क्यांत ही मुले मोडतात. ज्यांना लस घेता येते, त्यांनी ती टाळली तर या मुलांसाठी राखलेली जागा ते अडवतात, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

नि:स्पृह शास्त्रज्ञ

लशीचे श्रेय एंडर्स यांनी कधी एकट्याकडे घेतले नाही. १९६१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लशीच्या यशाची बातमी त्यांच्या नावे दिली, तेव्हा त्यांनी संपादकांना पत्र लिहून हे काम आपल्या सहकाऱ्यांचेही आहे, असे आवर्जून कळवले. एडमन्स्टन वाण मागेल त्या संशोधकाला त्यांनी मुक्तहस्ते दिला. नोबेल मिळाले तरी हार्वर्डचे पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १९५६ मध्ये, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर मिळाले. त्याबद्दल त्यांनी कधी खळखळ केली नाही. १९६३ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, त्यांना प्रदान करण्यात आला. बो टाय, तोंडात पाइप, रोज सहकाऱ्यांच्या टेबलापाशी फेरी मारून नवे काय दिसले याची विचारपूस, फावल्या वेळात पियानो आणि मासेमारी असे त्यांचे साधे आयुष्य होते. १९५१ मध्ये त्यांनी कॅरोलिन कीन यांच्याशी दुसरा विवाह केला होता.

साहित्याचे वेडही अखेरपर्यंत सुटले नाही. ८ सप्टेंबर १९८५ रोजी कनेक्टिकटमधील वॉटरफर्ड येथील घरी त्यांनी पत्नी आणि कन्येला टी. एस. एलियट यांच्या कविता वाचून दाखवल्या. मग ते झोपायला गेले आणि शांतपणे जगाचा निरोप घेतला. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, नोव्हेंबर १९८५ मध्ये, भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचा शुभारंभ झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २००० ते २०२३ या काळात गोवराच्या लशीने सुमारे सहा कोटी मृत्यू टाळले. या सहा कोटींत ज्यांनी लस घेतली ती मुले आहेत, तशीच ज्यांना ती घेताच आली नाही आणि केवळ सभोवतालच्या मुलांनी घेतली म्हणून जी वाचली, तीही आहेत. परळच्या एखाद्या धर्मशाळेत टक्कल झाकणारी टोपी घालून बसलेले मूल त्यांपैकीच एक. त्याला एंडर्स यांची लस थेट देता येत नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आपल्या मुलांचे दोन्ही डोस पूर्ण करणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या पालकांचे आहे.